टाकी नंबर सातमधला एक

हे माझ्या स्वतःच्या हातून घडलंय, ऐकीव नाही. कंपनीचं नाव तेवढं विचारू नका.

गेल्या नोव्हेंबरातला रविवार. दिवसाढवळ्या. मी पेणच्या ऑफिसात, आणि कारखाना रोह्याजवळ धाटावला.

कारखान्याचं जुनं सॉफ्टवेअर म्हणजे एकच अवाढव्य प्रोग्रॅम. एक कोपरा अडला की सगळंच ठप्प. आम्ही त्याचे लहान लहान भाग पाडले आणि प्रत्येक भाग आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या एका बंद कप्प्यात, वेगळा चालवायला घेतला. त्यातला एक भाग टाक्यांचा. टाकी साफ करायला माणसं कार्ड लावून आत उतरतात, कार्ड लावून वर येतात. आत शून्य माणसं दिसली तरच झाकण बंद करायची परवानगी मिळते.

त्या सकाळी नवीन सॉफ्टवेअर सुरू केलं. टाकी नंबर सात...

आत : १.

अजून कोणी उतरलंच नव्हतं.

नावांची यादी पाहिली. रिकामी. कंटेनर बंद करून नवा सुरू केला. नव्या कंटेनरला मागचं काही आठवत नसतं. तरीही...

आत : १.

दहा वाजता दोघं उतरले. आकडा तीन. अडीचला दोघं वर आले. आकडा पुन्हा एक.

तेवढ्यात तिथले सुपरवायझर पोपटकाकांचा फोन आला.

"मॅडम, परवानगी द्या ना. पुढचा माल खोळंबलाय. दोघंबी वर आले, मी सोता बघितलं. त्यातला एक तर माझाच पोरगा, ऋत्विक."

मी जुना प्रोग्रॅम उघडून शोधत बसले आणि सापडलं. तो दामोदर सरांनी लिहिला होता, ते आता हयात नाहीत. त्यात त्यांची एक ओळ होती... टाकी सातमधून नेहमी एक वजा करा. शेजारी शेरा होता, "हा बाहेर येत नाही."

नवीन लिहिताना फालतू समजून ती मीच गाळली होती. मला असल्या ओळींचा राग येतो.

ओळ परत घातली. शून्य. परवानगी दिली आणि चहा मागवला.

दहा मिनिटांनी परत काकांचा फोन.

"मॅडम... ऋत्विक कुठंच दिसत नाय. आन् बंद टाकीतनं कोन तरी ठोकतंय..."

फोनवर मलाही ऐकू आलं.

ठक... ठक...

झाकण उघडलं. ऋत्विक खाली शिडीपाशी पडला होता, हातात पाना. जिवंत होता, देवाची कृपा. परवानगी मी दिली होती.

त्याच्या कार्डावर वर आल्याची नोंद होती. कार्ड मात्र त्याच्या गळ्यातच होतं.

काका फोनवर एकच विचारत राहिले, "मंग मास्क लावून जो वर आला, ज्याला मी पाण्याची बाटली दिली, तो कोन व्हता?"

ऋत्विकला एवढंच आठवतं की मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालं...

"तू थांब. मी जाऊन येतो."

ती ओळ मी परत काढून टाकली. तेव्हापासून टाकी सात शून्य दाखवते, काहीही वजा न करता.

याचं समाधान वाटायला हवं. वाटत नाही, भीतीच वाटते. रोज सकाळी मी पहिल्यांदा तोच आकडा बघते. एक दिसला, म्हणजे तो परत आत गेला, तर सुटले म्हणेन.

अजून शून्यच आहे.