हिरव्याची हद्द

गोदाक्का जिनगर रोज जुने कागद-नकाशे दुरुस्त करायच्या आपल्या दुकानाच्या फळ्या काढल्या की आधी काचेच्या पेटीत डोकावत. गोठ्यात वैरण टाकावी तशी त्यांची सून केतकी त्या पेटीत साखरपाणी सोडायची. आत जुना नकाशा पसरलेला आणि त्यावर विणकर कामाला लागलेले. विणकर म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. शेजारचा तंतू ओळखून ते भोकात तसाच कागद विणत.

जुन्या हातरंगी नकाशांतला हिरवा रंग जंगालाचा, म्हणजे तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या गंजाचा. शे-दीडशे वर्षांत तो आपल्याच खालचा कागद करपवून खातो. म्हणून नकाशातली रानं तेवढी गळून पडतात, ओसाड माळ शाबूत राहतो. विणकर तांब्याचा माग काढत आणि जिथं ते सापडेल तिथं कागदासकट हिरवा रंग परत आणत.

अक्कांना हे पसंत नव्हतं. जिनगरांच्या घरात ठिगळ मूळ कागदापेक्षा जरा फिकं ठेवायची रीत. दुरुस्ती दिसत नसेल तर ती लबाडी, असं त्या येईल त्याला ऐकवत. पण आता हात थरथरत होते आणि हेळेवाडीच्या नकाशाचा तर बोट लावलं तरी भुगा होत होता.

तो दौलू गुरवांनी आणलेला. त्यांच्या देवराईला लागून खाण येणार होती. राईचा हिरवा रंग नकाशात कुठवर जातो, त्यावर बुधवारच्या सुनावणीत खाणीची हद्द ठरणार होती. रंगाबाबत अक्कांचा दाखला तिथं चाले. शाळा दुसरीपर्यंतच झालेली, पण सही ठसठशीत.

राईच्या कोपऱ्याला मागून अस्तर होतं. तीस वर्षांपूर्वी अक्कांनीच लावलेलं. पेटीत घालण्याआधी केतकीनं दोनदा विचारलं होतं, अस्तर चिकटवायच्या खळीत आणखी काही घातलं होतं का.

“तुझ्या आईला विचार जा, आमटीत काय काय घालते ते,” अक्का फणकारल्या होत्या. “माझी खळ चोख असते.”

नवव्या दिवशी पेटी उघडली. हिरवा रंग थेट राईखालच्या झऱ्यापर्यंत पोचला होता. गुरवांनी टोपी काढून नकाशाला हात जोडले. अक्कांनी मात्र नकाशा उलटवून अस्तराच्या कडा पाहिल्या. अस्तर पुरतं झाकेल एवढाच तो हिरवा होता, तसूभरही कमीजास्त नाही.

खळीत चिमूटभर मोरचूद. कसर लागू नये म्हणून त्यांची सासू घालायची, त्याही घालत आल्या. भातात मीठ घातलं असं कोण सांगत बसतं? आणि मोरचूद म्हणजे तांबंच.

केतकीनं आधीचा फोटो काढून पाहिला. त्यात त्या कोपऱ्यात नुसता तपकिरी भुगा होता. रंगाचे जे खरे कण उरले होते, तेही विणकरांनी विरघळवून नव्या कागदात मिसळून टाकले होते. आता तांबं रंगाचं कुठलं आणि खळीचं कुठलं, हे कुठलंच यंत्र सांगू शकणार नाही, असं ती खाली बघत म्हणाली.

अक्कांनी गुरवांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

गुरवांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग म्हणाले, “राई झऱ्यापर्यंत होती, अक्का. माझ्या आज्यानं दाखवलेली. तुम्ही सही करा.”

“असेल की. पण ते हा नकाशा नाही सांगत, गुरव. माझी खळ सांगतीय.”

“मग खरी होती तेवढी तरी दाखवा. तेवढ्यावर सही द्या. निम्मी वाचली तरी देवाला सावली राहील.”

अक्कांनी चष्मा पुसला आणि राईच्या वरच्या टोकावर बोट ठेवलं. ते खाली सरकू लागलं. कागद सगळीकडं सारखाच मऊ, रंग सगळीकडं सारखाच ताजा, कुठं सांधा म्हणून लागेना. बोट झऱ्याजवळ आलं तशी केतकीनं मान फिरवली.

“इथवर का, अक्का?” गुरवांनी हळूच विचारलं. “का मागंच संपली?”