थंडी फुंकणारा बंब

टाकीतलं पाणी: ४ अंश

भिंतीबाहेरच्या पांढऱ्या पेटीसमोर शाल्मलीने हातमोजा काढून तळहात धरला आणि झटकन मागे घेतला.

"सांडशी, हा नक्की गरम पाण्याचा बंब आहे ना? की चुकून फ्रिज बसवलास?"

"बंबच आहे," यंत्रमानव शेवटचा स्क्रू आवळत म्हणाला. त्याचं खरं नाव सात आकडी होतं. पण दोन्ही हात पातेलं उतरवायच्या सांडशीसारखे, म्हणून वसाहतीतली मुलं त्याला सांडशीच म्हणत.

"मग हा थंडी का फुंकतोय? बाहेर उणे अठरा आहे आणि याची फुंकर त्याहून गार!"

सांडशी उत्तर देणार, तेवढ्यात त्याच्या छातीवरचा दिवा लुकलुकला. "सहा नंबरच्या घरात नळ फुटला. आलोच," म्हणत तो घरंगळत निघूनही गेला. त्याचं 'आलोच' म्हणजे दोन-तीन तास, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शाल्मली लडाखमधल्या वेधशाळेच्या वसाहतीत राहायची. उंची समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार मीटर. आई तिथली मोठी दुर्बीण सांभाळायची. दुर्बिणीच्या आरशाला काजळी लागू नये म्हणून वसाहतीत चूल, शेगडी, धूर काही चालत नसे. वीज सूर्याची, तीही हिवाळ्यात जपून. नव्या नियमाने प्रत्येक घराला एका वेळी जास्तीत जास्त एक किलोवॉट. जुना गीझर त्याच्या दुप्पट खायचा. गेल्या आठवड्यात त्याची टाकी गंजून फुटली, म्हणून हा नवा आला.

आणि तो आजच चालायला हवा होता.

शाल्मलीचा भाऊ दीड महिन्याचा होता. घाईने जन्मला म्हणून इतके दिवस लेहच्या इस्पितळात. शाल्मलीने त्याला फक्त पडद्यावर पाहिलं होतं. डॉक्टरांची अट एकच: घरात केव्हाही गरम पाणी मिळणार असेल, तरच न्या. आई-बाबा त्याला घेऊन पहाटेच जीपने निघाले होते. दोन वाजता ते शेवटच्या नाक्यावर पोचणार. तोवर टाकीतलं पाणी पन्नास अंशांवर गेलं तर जीप पुढे येणार, नाहीतर मागे फिरणार. उद्यापासून घाट बंद. मग भेट थेट मार्चमध्ये.

२२ अंश

"चढतंय गो, चढतंय," आबा आतून ओरडले. आबा म्हणजे आईचे वडील. नातवाला न्हाऊ घालायला ते हर्णैहून आले होते. चाळीस वर्षं त्यांनी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात यंत्रं चालवली होती. मासळीच्या टोपल्यांना लागणारा बर्फ पाडायचा, हेच काम. आता दोन स्वेटर, कानटोपी आणि वर शाल घेऊन ते टाकीवरच्या आकड्यांकडे टक लावून बसले होते.

३१ अंश

शाल्मली खिडकीतून पेटीकडे बघत होती. बिचारी एकटीच बाहेर थरथरत होती. या वसाहतीत दर ऑक्टोबरमध्ये एक रविवार नळ गुंडाळायचा असतो. जुने स्वेटर, पोती, लोकर घेऊन मुलं घरोघर फिरतात आणि उघडा नळ दिसला की त्याला पांघरूण घालतात. शाल्मलीने या वर्षी एकटीने एकवीस नळ गुंडाळले होते.

आबांनी बाळासाठी जुन्या लुगड्यांची जाड गोधडी आणली होती. शाल्मलीने ती उचलली, बाहेर जाऊन पेटीला चहूबाजूंनी पांघरली आणि सुतळीने घट्ट बांधली.

"घे. आता कर पटापट काम."

३१ अंश, अजूनही

अकरा वाजले.

३१ अंश, अजूनही

सव्वाअकराला बाहेर एक कण्हल्यासारखा आवाज झाला आणि सगळं शांत झालं. टाकीवर लाल दिवा लागला.

बाबांचा फोन आला. "शालू, किती झालं?"

"एकतीस," ती म्हणाली. पलीकडे बाळ रडत होतं. बाबा म्हणाले, "बरं. दोनपर्यंत वाट बघू."

आबा उठले. "सकाळी झकास चढत होतं. मधे कोणी काय केलं?"

"कोणी काही नाही. मी फक्त गोधडी पांघरली. त्याला थंडी वाजत होती."

"कुणाला?"

"पेटीला."

आबांनी कपाळावर हात मारला आणि खो खो हसू लागले. मग तिचा चेहरा बघून एकदम थांबले. "चल बाय, थर्मामीटर घे."

बाहेर आल्यावर तिने गोधडीच्या आत थर्मामीटर सरकवला. उणे तीस! मोकळ्या हवेत उणे सोळा.

"पांघरुणात जास्त गार? असं कसं?"

"पांघरूण स्वतः ऊब देत नाही. आत जे आहे ते आत ठेवतं," आबा म्हणाले. "तू ऊबदार, म्हणून तुझी ऊब आत राहते. पण ही पेटी तर हवेतली ऊब शोषून घेते. तू तिला तीच ती हवा कोंडून दिलीस. ती शोषून शोषून संपली."

"उणे सोळाच्या हवेत कसली आलीये ऊब?"

"शून्य अंश म्हणजे पाणी गोठतं ती जागा, एवढंच. ऊब तिथे संपत नाही. ती संपते उणे दोनशे त्र्याहत्तरला. त्याला निरपेक्ष शून्य (त्याखाली थंडीच नाही असा तळ) म्हणतात. तिथून मोजलं तर ही हवा दोनशे सत्तावन्न पायऱ्या वर आहे. उष्णता भरपूर आहे, पण पातळ, विखुरलेली."

शाल्मलीने सुतळी सोडली, गोधडी काढून घेतली. आबांनी बटण दाबलं. पंखा घुरघुरला आणि फिरायला लागला.

*(वाचणाऱ्यांनी इथे थांबावं. मोठ्या माणसाकडून कापसावर दोन थेंब स्पिरिट घेऊन मनगटावर लावावं. गार लागलं? स्पिरिट उडून गेलं, आणि जाताना तुमची ऊब घेऊन गेलं. आता पुढे.)*

३४ अंश

"या नळ्यांमधून प्रोपेन फिरतोय," आबा म्हणाले. "स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊ. हा उणे बेचाळीसलाच उकळतो. त्याच्यापुढे तुझी उणे सोळाची हवा म्हणजे पेटलेली चूलच! हवा लागली की त्याची वाफ होते. बाष्पीभवन (द्रवाची वाफ होणे) ऊब मागतं, ती तो हवेकडून घेतो."

"म्हणून फुंकर गार! ऊब काढून घेतल्यावर उरलेली हवा!"

"आता कसं बोललीस. पुढे ती वाफ कॉम्प्रेसरमध्ये (दाबून लहान करणाऱ्या यंत्रात) जाते. सायकलला हवा भरताना पंप तापतो ना? तसंच. दाबली की वाफ तापते, पार सत्तरच्या वर. ती टाकीभोवती फिरते, ऊब पाण्याला देते, पुन्हा द्रव होते, बारीक छिद्रातून सुटताना दाब उतरून गारठते, आणि परत बाहेर."

"म्हणजे बंब ऊब तयार करत नाही. हमालासारखी बाहेरून उचलून आत आणतो."

"विजेचं काम फक्त हमालीचं. म्हणून एका किलोवॉटमध्ये दोन किलोवॉटची ऊब."

शाल्मलीने पेटीकडे पाहिलं. "आबा, तुमच्या कारखान्यात पण हेच होतं?"

"हेच! नळ्यांत अमोनिया, एवढाच फरक. पाण्यातली ऊब काढायची आणि बाहेर फेकायची. चाळीस वर्षं बर्फ ठेवला आणि ऊब टाकून दिली." आबांनी नाक पुसलं. "आता ऊब ठेवतोय आणि थंडी टाकून देतोय."

४३ अंश

साडेबारा वाजता सांडशी परत आला. "आलोच म्हणालो होतो," तो म्हणाला. लाल दिव्याची नोंद वाचून त्याने पेटीवर 'झाकू नये' अशी पट्टी चिकटवली, आणि शाल्मलीकडे बघून शेजारी तेच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं एक पत्रक.

४९ अंश

एक वाजून वीस मिनिटं. शाल्मलीचं नाक टाकीपासून वीतभर अंतरावर.

५० अंश

एक वाजून बत्तीस मिनिटं. तिने फोन लावला. "बाबा, पन्नास! पुढे या!"

बादलीतलं पाणी: ३७ अंश

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मोरीत वाफच वाफ होती. आबा पाटावर पाय लांब करून बसले होते आणि पायांवर बाळ. आईने बादलीत कोपर बुडवून पाहिलं आणि मान डोलावली. शाल्मली गोधडी उलगडून तयार उभी होती. आता ती योग्य माणसाला पांघरायची होती.

"सांडशी, हा बंब मंगळावर चालेल?"

"तिथली हवा इथल्यापेक्षा कितीतरी विरळ आहे आणि थंडी जास्त," सांडशी दारातून म्हणाला. "पंखा प्रचंड लागेल. नळ्यांतला द्रवही बदलावा लागेल."

"पण ऊब असेल ना?"

"असेल. निरपेक्ष शून्याच्या बरीच वर."

"मग काढू आपण," शाल्मली म्हणाली.

आबांनी पहिला तांब्या ओतला. बाळाने डोळे मोठे केले, रडायचं विसरलं, आणि आबांच्या स्वेटरवर थेट एक धार सोडली.

"हेही सदतीस अंश," सांडशी म्हणाला.