उमाकांतच्या जागची सुपारी

वीज गेली होती. सोमवारचा उपास सोडून झाला होता आणि देवापाशी समई तेवढी तेवत होती. तनय आणि स्वानंदी, माझी दोन्ही मुलं, मोठ्या काकांना चिकटून बसली होती. मोठे काका म्हणजे माझे थोरले दीर, रत्नाकरभावजी. त्यांची सगळी नोकरी इथेच बेंगळुरात, हेब्बाळच्या बाजूच्या एका सरकारी प्रयोगशाळेत झाली. भुताखेतांचं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. त्या रात्री मात्र समईकडे बघत म्हणाले, एक गोष्ट सांगतो, पण ती मी रचलेली नाही. ज्याच्यावर गुदरली तो उमाकांत माझ्याच विभागात होता. त्यांनी सांगितली तशी लिहिते आहे.

बरोबर वर्ष झालं. सत्त्याण्णवचा श्रावण, दुसरा सोमवार. उमाकांतकडे काम साधंच होतं. सकाळी आमचा पडदा दिल्लीला जायचा होता. रात्री जेवण करून जायचं, त्यातली जुनी चित्रं पुसायची आणि पडदा खोक्यात घालून ठेवायचा.

पडदा कसला ते सांगतो. टीव्हीसारखाच, पण सपाट, आणि वर बारीक उभ्या रेघांची काच. जत्रेत ते चित्र मिळतं ना, हलवलं की शंकर डोळे मिटतो, उघडतो? त्याच जातीची. डाव्या डोळ्याला एक चित्र, उजव्याला दुसरं. चष्मा-बिष्मा काही न लावता माणूस पडद्यातून पुढे आल्यासारखा दिसतो.

"म्हणजे भूत टीव्हीतनं येणार?" तनयने विचारलं.

"आलं तर त्याला पाणी द्यायला तुलाच उठवीन," भावजी म्हणाले. स्वानंदी हसली, पण माझ्या पदराशी सरकली.

त्यासाठी एकाच दृश्याचे आठ फोटो लागतात. कॅमेरा थोडा थोडा बाजूला सरकवत काढायचे. मग पडद्यासमोर आपण एका बाजूला सरकलो की माणसाचा एक कान दिसतो, दुसऱ्या बाजूला सरकलो की दुसरा. आठव्याच्या पुढे गेलो की चित्र उडी मारून पुन्हा पहिल्यावर येतं. हे ध्यानात ठेवा.

ते फोटो उमाकांतने आदल्या वर्षी घरीच काढले होते. बायकोचे. नीलाचे.

नीलाने सोळा सोमवार धरले होते. कशासाठी ते उमाकांतला सांगितलं नव्हतं. सतराव्या सोमवारी उद्यापन. दोन पाट मांडलेले, एक तिचा, एक त्याचा. उद्यापनाला जोडीने बसायचं असतं. उमाकांत अंघोळ करून आला आणि दारातच थबकला. पुढे समई, मधे नीला, मागे देव्हारा. जवळचं, मधलं, लांबचं, सगळं एका ओळीत. असं दृश्य तो महिनाभर शोधत होता. कॅमेरा काढला. तिला म्हणाला, हलू नकोस. आठ फोटो झाले तसा रीळ घेऊन निघाला. संध्याकाळी मोठे साहेब येणार होते, त्याआधी चित्र पडद्यावर चढायला हवं होतं.

नीला म्हणाली, "दहा मिनिटं बसा हो. मग जा."

तो चपला घालत म्हणाला, "माझ्या जागी सुपारी ठेव."

ठेवली. गुरुजींनी कुरकुर केली, पण पूजा सांगितली. म्हणाले, यजमान आले की त्यांनी आपल्या हाताने ही सुपारी उचलायची, पाटावर बसायचं, चूर्म्याचा प्रसाद घ्यायचा, मग तुम्ही उपास सोडा. नीलाने सुपारी पदराला बांधली आणि वाट बघत बसली. तिला साखरेचा आजार, गोळी सकाळीच घेतलेली. संध्याकाळी उमाकांतने शेजारी जमनाबाईंकडे फोन करून निरोप दिला, रात्री येत नाही, तिला जेवून घ्यायला सांगा. जमनाबाईंनी सांगितलं, अक्का, स्वल्प तरी खा. ही म्हणाली, येतील हो ते.

तो सकाळी आला. ती दुसऱ्या पाटाशी आडवी झाली होती. डॉक्टर म्हणाले, साखर उतरली. प्रसाद झाकलेलाच होता.

पदराची गाठ कुणी सोडली नाही. तशीच चितेवर गेली. मी होतो तिथे. गाठ मी पाहिली आहे.

तेराव्याला जमनाबाईंनीच त्याला सांगितलं, की व्रत त्याच्यासाठी होतं. त्याचा पडदा चालावा म्हणून.

आणि पडदा चालला. महिनोन्‌महिने पाहुणे येत आणि म्हणत, बाई आता बोलतील. उमाकांत चित्र लावून द्यायचा आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहायचा. त्याने एकदाही ते पाहिलं नव्हतं.

तर त्या सोमवारी रात्री नऊच्या सुमारास तो पोचला. पहारेकरी परसू म्हणाला, बेग मुगिसी साहेब, लवकर आटपा, वीज जाते-येते. उमाकांतने दार लावून घेतलं. यंत्र सुरू केलं. पुसायचं तर आधी चित्र उघडावं लागतं.

उघडलं.

नीला बसली होती. हाताच्या अंतरावर. शेजारी रिकामा पाट.

पुसायला त्याचा हात होईना. त्याला वाटलं, एकदा नीट बघू. तो जरा बाजूला सरकला. तिचा कान दिसला, कानातली कुडी दिसली. आणखी सरकला. आता चित्र उडी मारणार…

मारली नाही.

तो सरकत गेला. चित्र वळत गेलं. नीलाचा गाल. मग खांदा. मग अंबाडा, त्यातलं शेवंतीचं फूल. तिथून त्याने फोटो काढलाच नव्हता. तिथे कॅमेरा गेलाच नव्हता.

तो तिच्या मागे उभा होता.

तिच्या मागून तिच्या पुढचं दिसत होतं. त्याच्याच घराचं दार. दारात एक माणूस वाकून चपला घालत होता. गळ्यात कॅमेरा. माणसाने मान वर केली… काहीतरी बोलला… आणि गेला.

दार उघडंच राहिलं.

नीला बघत राहिली. मान हलेना. खांदे हलेनात. किती वेळ, ते त्याला सांगता आलं नाही. दारातलं ऊन सरलं. अंधार झाला. समईतलं तेल खाली गेलं. ती बसलेलीच.

मग तिने हळूच पदर पुढे घेतला. गाठ चाचपली. आहे ना, बघितलं. पुन्हा दाराकडे…

भावजी थांबले. समईची वात मी पुढे केली.

उमाकांत मला म्हणाला, भीती वाटली नाही. लाज वाटली. पळावंसं वाटलं, पण पळालो तर पुन्हा तेच दार, त्याच चपला.

त्याने पायातल्या चपला काढल्या. टेबलाशी, पडद्याला लागून, जमिनीवर मांडी घातली. तिच्या शेजारी. पाटाच्या जागी.

म्हणाला, "नीला… आलो."

वीज गेली.

सगळं काळं. यंत्राचा आवाजही बंद. काही हललं नाही. फक्त… तुपाचा वास आला. तुपात परतलेल्या कणकेचा. गुळाचा. आणि त्याच्या उजव्या हाताशी, टेबलावर, टक्‌ असं काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला.

त्याने चाचपून उचललं.

परसूने त्याला रिक्षात घालून चामराजपेटेत माझ्याकडे आणलं. अनवाणी होता. मी दार उघडलं. त्याने मूठ पुढे केली आणि उघडली.

सुपारी होती. हळद-कुंकू अजून ओलं. तिच्या खरबरीत अंगाला पदराचा एक हिरवा धागा अडकलेला. मी ती हातात घेतली…

आता इथे, माझ्या या तळहातावर होती ती. कोमट होती. कुणीतरी खूप वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखी.