उशी नको, काम सांग

बस गड्या, इथं भट्टीपाशी. उद्या या घरात लग्न आहे, तर नवरानवरी जुळली कशी ते ऐकूनच जा. मी चौथी शिकलेला, सांगेन तसं घे.

आमच्या या डोंगरातल्या नारीन गावात रविवारची प्रार्थना माझ्याच घरी भरते. पंधरा-वीस माणसं. प्रार्थना झाली की चादर पसरायची अन् नान, जर्दाळूचा मुरंबा, चहा. त्यातलीच एक बेगिमाय, नऊ वर्षं येतेय, तिला जन्मापासून दिसत नाही. ती आली की मी हाताला धरून दारासमोरच्या मानाच्या जागी बसवायचो, पाठीला उशी द्यायचो. प्रभूच्या घरात तुझा मान पहिला, म्हणायचो अन् स्वतःवरच खूष व्हायचो.

एका रविवारी एर्मेक नावाचा गडी आला, धुराडं साफ करायला. काम झाल्यावर चादरीपाशी बसला. शेजारी बेगिमाय होती, तिलाच म्हणाला, "चहा देता जरा?"

तिच्याकडं कधी कुणी काही मागितलंच नव्हतं. तिनं चाचपत किटली उचलली अन् ओतत राहिली... चहाची वाटी काठोकाठ. आमच्यात भरली वाटी दिली म्हणजे पी अन् नीघ. एर्मेक मुकाट्यानं प्यायला, टोपी घातली, गेला.

पुढच्या रविवारी हजर.

"गेल्या रविवारी हाकललंत मला."

"भरली होती वाटी?" ती गोरीमोरी झाली. "मला दिसत नाही हो."

"अस्सं... मला वाटलं, मी आवडलो नाही."

"दिसलाच नाहीत, तर आवडणार कसे?"

बायका रुमालाआड हसल्या. यानं आपलं बोट वाटीत धरलं. "ओता. बोटाला लागलं की सांगतो."

"पोळेल ना—"

"पोळू दे."

असा हिवाळा सरला. वसंतात त्यानं आमच्यादेखत तिला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, "नाही."

"का?"

"इथं सगळे जीव लावतात, पण पाहुणीसारखा. तुझ्या घरीही मला उशीच मिळायची, एर्मेक. मला घर पाहिजे."

माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. प्रभूनं विहिरीवर परक्या बाईकडं पाणी मागितलं, ही शुभवर्तमानातली गोष्ट मीच दरवर्षी सगळ्यांना सांगतो. काही द्यायच्या आधी मागितलं त्यानं. अन् मी या पोरीकडं नऊ वर्षांत साधं मीठसुद्धा मागितलं नव्हतं.

एर्मेक डोकं खाजवत म्हणाला, "आमच्याकडं उशाबिशा नाहीत. आईचे गुडघे गेलेत अन् गाई चार. धारा काढता येतात?"

"येतात." अन् वर तिनंच विचारलं, "लाथ मारणारी आहे एखादी?"

"आहे. तांबडी. मला दोनदा पाडलंय."

बेगिमाय हसली... तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "ती माझी. बाकीच्या तू बघ."

झालं, ठरलं.

आता आत बायकांनी तिला पुन्हा उशीला टेकवून बसवलंय, नवरी म्हणून. तू एक कर. उद्याच्या पुलावाची ती गाजरं आहेत ना, ते टोपलं सुरीसकट तिच्यापुढं नेऊन ठेव. बायका ओरडतील. ओरडू दे, तू परत उचलू नकोस.