टेकडीतलं भोक

रामाकोना गावाच्या मागे, सागाच्या रानातल्या टेकडीवर, कंपनीसाठी मँगनीज शोधायचं काम नलिनीकडे आलं होतं. पांढुर्ण्याच्या मास्तरांची ही मुलगी. भूगर्भशास्त्र शिकलेली, आणि ही तिची पहिलीच साइट. ड्रिल मशीनवर लोधीखेड्याचा गुणवंता होता. बोलणं कमी, हात पक्का.

भर दुपारी मशीनचा रॉड एकाएकी सुटल्यासारखा खाली गेला. आत पोकळी लागली होती. गुणवंताने रॉड वर ओढून मशीन बंद केलं, तसं रान चिडीचूप झालं. भोकातून ओल्या मातीचा, शिळ्या घामाचा वास वर आला. मग भोकात बसवलेल्या लोखंडी पाइपावर कोणीतरी खालून ठोकलं. थांबून... पुन्हा.

गुणवंता पालथा पडून कितीतरी वेळ भोकाला कान लावून राहिला. उठला तेव्हा ओठ पांढरे पडले होते. तुटक तुटक त्याने सांगितलं की इथे पूर्वी चोरीची खाण होती. ती खचून बसली तेव्हा त्याचा धाकटा भाऊ, मधुकर, आत होता. आत कोणीच नाही असं म्हणत ठेकेदाराने वरून माती लोटली, आणि चौकशीतही तेच खरं ठरलं.

"मॅडम, मले हाका मारून राह्यला तो..."

नलिनीने कान लावला. फार खालून, कोरड्या गळ्यातून शब्द आले, "दादा... उजेड दिसून राह्यला."

तिने कंपनीच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, पोकळीत वारा बोलतो. बोभाटा झाला तर साइट जाईल, तिची नोकरीही जाईल. भोक सिमेंटने बुजवून मशीन पुढे न्यायचं.

गुणवंताने एवढंच विचारलं, "तुमीबी आयकलं नं?"

"नाही," नलिनी म्हणाली.

त्याने सिमेंटला हात लावला नाही. तिनेच ओतलं. ओतताना खालचं ठोकणं घाईघाईचं झालं, आणि मग थांबलं.

सकाळी ती आली तेव्हा गुणवंता तिथेच बसलेला होता. सिमेंट वाळलं होतं. त्यावर खालून दाबल्यासारखे बोटांचे उंचवटे आले होते. नलिनी वाकली. मुठीएवढ्या भोकात इतकी बोटं मावणं शक्य नव्हतं; एकमेकांवर चढलेली, दाटलेली.

"मधुकर एकटाच होता ना आत?"

"आमच्या गावचा एकलाच," गुणवंता म्हणाला.

त्यातली बरीचशी बोटं लहान पोरांची होती.