गुडघे टेकलेले सात देश

माझा नवरा बार्नबस वीस वर्षं राजांविरुद्ध कविता लिहीत होता. त्या तो स्वतःच तांब्याच्या पत्र्यावर उलट्या अक्षरांत कोरायचा, मी ठसे काढून रंगवायचे. लंडनमधल्या लॅम्बेथच्या आमच्या घरातून अकरा प्रती खपल्या. घेणाऱ्या अकरांपैकी एकानेही ती वाचली नसावी.

मग दरबारातले एक लॉर्डसाहेब आले. त्यांना साम्राज्याचं चित्र हवं होतं : सिंहासनावर ब्रिटनची देवी ब्रिटानिया, पुढे माणसांच्या रूपात गुडघे टेकलेले सात देश, खाली स्तुतीच्या ओळी. बदल्यात दरबारी चित्रकाराची जागा. बार्नबसला इतकी घाई, की नवा पत्रा येईपर्यंतही थांबवेना. गुलामांच्या साखळ्यांवरची कविता कोरलेला जुना पत्राच त्याने घासून कोरा करायला घेतला.

"अहो, तो तरी नको."

"तांबं ते तांबं. तू आपली स्तोत्रं म्हण."

रोजची तीन स्तोत्रं म्हटल्याशिवाय मी छापयंत्राला हात लावत नाही. चित्र कोरून झाल्यावर ती म्हणून पहिला ठसा काढला. त्यात एक देश उभा होता.

"पत्रा हलवलास तू!"

"पत्रा हलला की रेघा फिसकटतात. माणसं उठून उभी राहत नाहीत."

त्याने पत्र्यापुढे आरसा धरला. पत्र्यात सातही जण गुडघ्यांवरच होते.

दुसऱ्या ठशात चौघे उभे. चेहरे आमच्याकडे. बार्नबसने फक्त पाठी कोरल्या होत्या.

तिसरा ठसा मी न बघताच वाळायला दोरीवर टाकला, पाठ वर करून.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॉर्डसाहेब आले. पत्रा पाहून खूश झाले. दुसरा ठसा पाहून ओठ मुरडले.

"कवीची खोड जात नाही. बाई, रंगाने झाका ह्यांना."

"खोटं रंगवत नाही मी, साहेब," मी हळूच म्हटलं. "कोरणारे आहेत की घरात."

ते हसले. बार्नबसकडे बघत त्यांनी आपला हातमोजा अलगद जमिनीवर सोडून दिला आणि नुसते उभे राहिले.

"अहो, उचलू नका."

सिंहासनं उलथवायला निघालेला माझा कवी कमरेच्या एप्रनसकट दोन्ही गुडघ्यांवर बसला.

मला बघवेना. काहीतरी करायचं म्हणून दोरीवरचा तिसरा ठसा काढून सरळ केला.

सातही जण उभे होते.

त्यांच्या मधोमध एकच माणूस गुडघ्यांवर होता. कमरेला आमच्या घरातला एप्रन.

दोन्ही हातांनी त्याने एक हातमोजा वर धरला होता.

मी बोट लावून पाहिलं. शाई केव्हाच वाळली होती.