हिरव्या गोटीची उलटी वाट

"सोड! सोड ना आता!" ढोल्या ओरडला. तो कुजबुजला तरी चार घरं ऐकू जायचं, म्हणून तो ढोल्या.

जुन्या पुलाच्या मधोमध चिमणीने हिरवी काचेची गोटी फळीवर ठेवली आणि बोट उचललं. सुट्टीतला हा खेळ फार जुना. चिमणीचे आजोबाही तो खेळलेले. गोटी त्यांचीच होती. पूल उगवतीच्या बाजूला जरासा कललेला, त्यामुळे गोटी नेहमी तिकडच्या कठड्याकडे घरंगळायची आणि एका गंजक्या बोल्टला टेकून थांबायची. अलीकडच्या वस्तीतली पोरं फुंकर मारोत की पलीकडची, तिचा रस्ता ठरलेला.

आज मात्र गोटी क्षणभर रेंगाळली आणि चक्क मावळतीकडे निघाली!

"अरे, धर तिला!"

नकाशाने झेप घेतली आणि ती नदीत पडता पडता पकडली. तो पलीकडच्या वस्तीतला. सगळ्या आडवाटा त्याला तोंडपाठ.

"चिमणे, तू ढकललीस!"

"मी? तूच ठेवून बघ की!"

नकाशाने ठेवली. गोटी पुन्हा मावळतीकडेच गेली!

मावळतीच्या बाजूलाच, हाकेच्या अंतरावर नवा पूल उभा होता. उद्या तो सुरू होणार होता. पण त्याआधी जुन्या पुलाचा निरोप! दोन्ही वस्त्यांतली माणसं त्याच्या मावळतीच्या कठड्याला ओळीने उभी राहणार होती आणि फोटोवालेकाका नव्या पुलावरून त्यांचा फोटो काढणार होते.

"खाली चला," नकाशा म्हणाला.

उन्हाळ्यामुळे पात्रात पाणी गुडघाभरच होतं. मधल्या दगडी खांबाशी ते पोहोचले आणि ढोल्याचा आवाजच बसला. खांबाच्या मावळतीच्या अंगाला भलामोठा खड्डा खणलेला होता. काठावर फावड्याचे ताजे वार होते आणि वर दगडांत नवी कोरी भेग पडली होती!

नव्या पुलाचे मुकादमकाका त्याच्याच सावलीत चहा पीत बसले होते.

"काका, खांबाजवळची वाळू तुम्ही काढलीत?"

"घेतल्या थोड्या टोपल्या. गिलाव्याला कमी पडली, आणि लांबून कोण आणणार?"

"थोड्या? त्या खड्ड्यात ढोल्या मावतोय!"

"मावू दे की. परवा पाडायचाच आहे तो पूल."

"पण उद्या सगळे त्यावर उभे राहणार आहेत! आणि गोटी उलटी—"

"आता गोट्यांवरून पूल मोजणार होय?" मुकादम हसले. "इतकी वर्षं उभा आहे, उद्याचा दिवस नाही काढणार? पळा!"

घरी बाबाही तेच म्हणाले, "मुकादमांना तुमच्याएवढंही कळत नाही का गं?" नव्या पुलाच्या इंजिनियरबाई तर थेट सकाळीच येणार होत्या.

आजोबा पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होते. तरुणपणी त्यांनी त्या पुलाच्या फळ्या खांद्यावर वाहिल्या होत्या.

"तुझी आजी पलीकडची," ते म्हणाले. "लग्न करून याच पुलावरून आली. मधोमध थबकली नि म्हणाली, 'अहो, हा हलतो!' मी म्हटलं, 'हलतो, पण पडत नाही.' उद्या शेवटचं चालून घेतो गं त्याच्यावर."

पूल बंद करायला लावला, तर आजोबांचं चालणं हुकणार. आणि गप्प बसलं तर? चिमणी तशीच ढोल्याकडे धावली.

सकाळी पुलाच्या तोंडाशी ही गर्दी! आजोबा सगळ्यांत पुढे. त्यांनी पहिल्या फळीवर पाऊल टाकलं, तेवढ्यात ढोल्या गरजला, "थांबा! पहिला मान मुकादमकाकांचा!"

"नवा पूल त्यांनी बांधला!" नकाशाने सूर ओढला. "त्यांनी मध्ये उभं राहायचं, अगदी खांबावर!"

"आणि कठड्याला टेकून!" चिमणी म्हणाली. "ऐटीत!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुकादम हसत निघाले. दोन फळ्या ओलांडल्या. मग नजर खाली खांबाकडे गेली आणि हसू विरलं.

"मी... मी इथूनच बरा दिसतो."

"का हो?" इंजिनियरबाईंनी विचारलं. "पूल भक्कम आहे ना?"

मुकादम दोन पावलं मागे सरकले. चिमणीने हिरवी गोटी बाईंच्या हातात दिली आणि सगळं सांगून टाकलं.

बाई तशाच खाली उतरल्या. वर आल्या तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली आणि चेहरा पांढराफटक. "कोणीही पाय ठेवायचा नाही! खांबाचा पाया अर्धा उघडा पडलाय. एवढी माणसं एका बाजूला उभी राहिली असती तर..." मग मुलांकडे वळून म्हणाल्या, "शाब्बास! माझ्या आधी तुम्ही पूल तपासलात."

मुकादम मान खाली घालून म्हणाले, "चुकलो रे पोरांनो."

चिमणीचे डोळे भरून आले होते. "आजोबा, माझ्यामुळे तुमचं चालणं हुकलं."

आजोबांनी तिला जवळ ओढलं. "वेडे, पडत नाही असं मी तुझ्या आजीला सांगितलं होतं. तू मला खोटा ठरू दिलं नाहीस."

फोटो नव्या पुलावरच निघाला. दोन्ही वस्त्या दाटीवाटीने उभ्या आणि मागे रिकामा जुना पूल. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. एकटे आजोबा तेवढे पाठमोरे.

गर्दी पांगल्यावर चिमणीने नव्या पुलाच्या मधोमध गोटी ठेवली. ती हललीच नाही.

"हॅ!" ढोल्या वैतागला. "याला काही खेळताच येत नाही!"

आजोबा वाकले, गोटीकडे बघून हसले.

"नवा आहे रे तो. शिकवा त्याला तुम्ही."